गोपाळरावांचं काय करायचं?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत रामघाटावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज गौरी गेल्या. घरोघरी आवराआवर तशीच पडली असेल, तरी तुम्ही घाट उतरून आलात. पाणी अजून वर आहे, म्हणून सतरंज्या दरवर्षीपेक्षा पाच-सहा पायऱ्या वर टाकल्यात. श्रावणात खालची लहान देवळं पुरती पाण्यात होती, ते तुम्ही पाहिलंच. शिप्रेची आरती सुरू झाली की आम्ही थांबू आणि घंटा शांत झाल्या की पुढे बोलू. तेवढं सांभाळून घ्या.

माइकसमोर एकच जण दिसत असला तरी हे भाषण एकट्याचं नाही. मंडळाच्या ग्रंथालयात आम्ही सात-आठ जण दर गुरुवारी बसतो. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग चहावर भांडायचं, असा रिवाज आहे. यंदा आनंदीबाई जोशी वाचायच्या ठरल्या. आनंदीबाईंबद्दल आमच्यात भांडण होण्याजोगं काही नव्हतंच. भांडण झालं ते गोपाळरावांवरून, त्यांच्या यजमानांवरून. ते अजून मिटलेलं नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, हे भांडण घाटावर नेऊ या, चार माणसं ऐकतील. म्हणून आलो.

विषय कल्याणचा, पुण्याचा आणि सातासमुद्रापलीकडल्या फिलाडेल्फियाचा. मग रामघाटावर कशाला, असं कुणी विचारेल. आपल्या घरांचा या घाटाशी संबंध काय आहे तो आठवा. आपले पूर्वज शिंद्यांच्या दौलतीबरोबर इकडे आले. कुणी कारकून होतं, कुणी पुराणिक, कुणी शिलेदार. १८१० मध्ये दौलतरावांनी दरबार ग्वाल्हेरला हलवला, तेव्हा बरेच जण तिकडे गेले, आपली घरं इथेच राहिली. तेव्हापासून आपण या पायऱ्यांवर सिंहस्थाच्या स्नानाला येतो, आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतो, आणि एके काळी प्रायश्चित्तालाही यायचो. आज सांगायच्या गोष्टीत प्रायश्चित्त आहे आणि अस्थीही आहेत. फक्त त्या अस्थी कुठल्याच घाटावर आल्या नाहीत.

आधी गोष्ट. बरीचशी तुम्हाला ठाऊक आहे. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ सालची, आपल्या ग्रंथालयातली प्रत शिवून शिवून जाड झालीय. २०१९ मध्ये त्याच नावाचा सिनेमाही आला. तेव्हा ठाऊक असलेला भाग भराभर सांगतो.

यमुना जोशी, जन्म ३१ मार्च १८६५. वयाच्या नवव्या वर्षी कल्याणला लग्न झालं. नवरा गोपाळ विनायक जोशी, संगमनेरकडचे, पोस्टात नोकरीला, वयाने वीस-एक वर्षांनी मोठे आणि बिजवर. लग्नाला त्यांची अट एकच होती, मी हिला शिकवीन. त्या काळात अटी घालायच्या त्या हुंड्याच्या किंवा मानपानाच्या. ही अट ऐकून सासुरवाडीने फारशी मनावर घेतली नसावी. मग अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी शिक्षण चालू राहिलं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवस जगला. बाळंतिणीला आणि बाळाला हात लावणारी शिकलेली बाई नाही, हे तिने स्वतःच्या अंगावर सोसलं, आणि डॉक्टर व्हायचं ठरलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून ती बोटीत बसली. वय अठरा. नवरा बरोबर नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा तिच्यासाठी ठेवलेली होती. ती जागा काही तिला पाहता आली नाही. परत आली ती क्षय घेऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना उरला होता.

इथवर सगळे एकमताने हळहळतात. आता गोपाळरावांकडे येऊ.

गोपाळरावांवर आमच्यात सरळ दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, ते नसते तर आनंदीबाई कल्याणच्या एखाद्या वाड्यात चूल फुंकत मेल्या असत्या आणि आपल्याला नावही कळलं नसतं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, ते नसते तर ती जगली तरी असती. दोन्ही म्हणण्यांत दम आहे, म्हणून तर भांडण संपत नाही.

ते मारत असत, ही ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेहून आनंदीबाईंनी नवऱ्याला जी पत्रं लिहिली, त्यांतल्या एका पत्रात त्यांनी सारा हिशेब मांडलाय. दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्यांनी मार, पुढे रागाच्या भरात खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकणं, बाराव्या वर्षी सोडून जाईन अशी धमकी, चौदाव्या वर्षी आणखी वेगळ्या शिक्षा. आणि हे सगळं लिहून शेवटी त्या म्हणतात की तुमची वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणं अवघड आहे, विचाराल तर दोन्ही होती. हे पत्र ज्या दिवशी वाचलं, त्या गुरुवारी चहा झाला नाही.

त्या माराचं कारण पाहा. त्या काळचे नवरे बायकोला मारत ते स्वयंपाक बिघडला म्हणून. गोपाळराव मारत ते अभ्यास सोडून स्वयंपाकात रमली म्हणून. हात जुना, कारण नवं. आमच्यातल्या एका काकूंनी हे ऐकून एवढंच म्हटलं, “मार लागणारीला कारणाने काय फरक पडतो?” त्यावर दुसऱ्या तटालाही उत्तर सुचलं नाही.

गोपाळरावांना नेमकं हवं काय होतं? आम्हाला वाटतं, त्यांना एक गोष्ट सिद्ध करून दाखवायची होती. इंग्रजांची विद्या घेता येते आणि तरी आपण आपलेच राहू शकतो, हे त्यांना दाखवायचं होतं. दोन्ही बाजू याला अशक्य म्हणत होत्या. पुणं म्हणे, समुद्र ओलांडला की धर्म गेला. पाद्री म्हणत, आमची विद्या हवी तर आमचा देवही घ्या. हे आम्ही अंदाजाने सांगत नाही. १८७८ मध्ये कोल्हापुरातून गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आणि त्यावरचं आपलं उत्तर आपल्या मासिकात छापलं. उत्तराचा सूर असा की तुम्ही ख्रिस्ताला मानाल अशी आशा आहे. दार होतं खरं, पण त्याला आतून कडी होती.

ते मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडलं, तेही दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट पाहताना. त्यांनी आपण होऊन पत्र धाडलं. धर्म बदला असं म्हटलं नाही, फक्त माझ्या घरी या म्हटलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. सगळ्या गोष्टीत कुणी कशाची अट न घालता वागलेलं माणूस हे एवढंच, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

निघायच्या आधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं. श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं, आपलं नगरकडचं नव्हे. लोक जे जे विचारत होते ते प्रश्न स्वतःच घेऊन त्यांनी उत्तरं दिली. अमेरिकेला का जातेस, इथे शिकता येत नाही का, एकटी का जातेस. आणि परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? याला त्यांचं उत्तर असं की मी तिथे इथल्यासारखीच राहणार, पोशाख आणि आहार बदलणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येऊन राहीन. टाळ्या पडल्या असणार. आम्हीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती भरून आली.

दुसऱ्या वाचनाला मात्र आमच्यातल्या बायकांनी बोट ठेवलं. गोपाळरावांना जे सिद्ध करायचं होतं, ते सिद्ध करायचं कशाने? हिच्या लुगड्याने आणि हिच्या ताटाने. फिलाडेल्फियाच्या थंडीत लुगडं आणि शाकाहार. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि गारठतात, म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसावी का, एवढ्यासाठीसुद्धा समुद्रापलीकडून पत्रव्यवहार करावा लागला. १८८५ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. तीन परदेशी विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात. एक जपानची के ओकामी, एक सीरियाची साबात इस्लामबुली, आणि साडीतल्या आनंदीबाई. फार सुंदर फोटो आहे, आपल्या सभागृहातही लावलेला आहे. त्याखालून जाताना आता आम्हाला ऊब आठवते.

त्यांच्या प्रबंधाचा विषयही असाच दोन काठांवरचा होता, आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे अठरा-वीस वर्षांची मुलगी परीक्षकांपुढेही आपलं गाठोडं सोडून बसली होती. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती गोपाळरावांच्या हातातली बाहुली होती असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. पण ओझं तर ओझंच.

आणि गोपाळराव इकडे काय करत होते? पत्रांतून टोमणे मारत होते. तू बदललीस, तू गर्विष्ठ झालीस, तिकडच्या लोकांत रमलीस. ज्या गोष्टीसाठी त्यांनी तिला पाठवलं, तीच घडते आहे या भीतीने त्यांना झोप नव्हती. १८८५ मध्ये ते स्वतः अमेरिकेला पोचले. बायकोला ज्या समाजाने पोटाशी धरलं, त्याच समाजात ठिकठिकाणी भाषणं देऊन त्यांनी पाश्चात्त्य सुधारणेवर आणि मिशनऱ्यांवर कोरडे ओढले. तिथल्या मंडळींची पंचाईत झाली, आनंदीबाईंची तर फारच. आणि गंमत म्हणजे त्यांनी काढलेल्या उखाळ्यापाखाळ्यांपैकी काही अगदी रास्त असणार. पण पाहुण्याने ताटावर बसून यजमानाच्या तव्याला नावं ठेवली की तवा खरंच काळा असला तरी कुणी ऐकत नाही.

(इथे आरतीसाठी भाषण थांबले.)

आमच्या वाचनकट्ट्यात एक निवृत्त प्राध्यापिका आहेत, इंग्रजीच्या. गोपाळरावांवरून आवाज चढले की त्या नेहमी म्हणायच्या, “तुम्ही चिनुआ अचेबे वाचा, मग बोला.” शेवटी वाचला. अचेबे म्हणजे नायजेरियातल्या इग्बो समाजाचे लेखक. त्यांची १९५८ ची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ काहींनी कॉलेजात अभ्यासाला घेतली असेल. बाईंनी आम्हाला दिली ती १९६४ ची, ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’. त्यात एझेउलू नावाचा एक वृद्ध पुजारी आहे, सहा गावांच्या उलू नावाच्या देवाचा. गोरे लोक आलेत, शाळा काढल्यात, चर्च बांधलंय. हा मानी म्हातारा ठरवतो की घरातलं एक पोर तिकडे पाठवायचं, आपला डोळा म्हणून. तिकडे काय चाललंय ते पाहून आपल्याला सांगेल. पोर जातं. आणि एक दिवस नव्या धर्माच्या भरात गावाला पूज्य असलेला अजगर पेटीत कोंडून ठेवतं. गाव पुजाऱ्यावर उलटतं, हा तुझाच मुलगा ना?

इंग्रज अधिकारी त्याला सरकारी मुखत्यारी देऊ करतो. तो नाही म्हणतो, म्हणून साहेब त्याला डांबून ठेवतो. गाव सोडवायला येत नाही. सुटून आल्यावर तो गावावर सूड घेतो. नव्या पिकाच्या सणाचा दिवस पुजाऱ्याने जाहीर केल्याशिवाय सुरण काढायचे नाहीत अशी रीत आहे. हा दिवस जाहीरच करत नाही. पीक जमिनीत कुजतं, लोक उपाशी मरू लागतात, आणि चर्च म्हणतं, आमच्या देवाच्या नावाने काढा, काही होणार नाही. लोक काढतात. पुजाऱ्याचा दुसरा लाडका मुलगा मरतो आणि म्हातारा भ्रमिष्ट होऊन बसतो.

पुस्तक मिटल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, “अरे, हे तर आपले जोशीबुवा.” आम्ही हसलो, मग हसू थांबलं. आपला डोळा म्हणून दुसऱ्याला पाठवायचं, आणि डोळ्याने स्वतःचं काही पाहिलं की संतापायचं. आणि शेवटचा सूड गोऱ्यांवर नाही, आपल्याच माणसांवर घ्यायचा. गोपाळरावांच्या आयुष्यातही नेमका असा सूड आहे, म्हणूनच एवढं सविस्तर सांगितलं.

आनंदीबाई गेल्यावर तीन वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. पुण्यातले नामांकित लोक बोलावले होते, सुधारकही आणि जुन्या मताचेही. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. सभेनंतर चहा आणि बिस्किटं पुढे आली, ख्रिस्त्यांच्या हातची. काहींनी घेतला, काहींनी पेला नुसता पुढ्यात राहू दिला, कुणी हातही लावला नाही. गोष्ट तिथेच संपायची. पण गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली.

मग जे ग्रामण्य पेटलं, ते दोन वर्षं विझलं नाही. सरदार नातूंनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. चहा कुणी प्याला, किती प्याला, याच्या साक्षी झाल्या. हायकोर्टाच्या कायद्यात चहा पिणं गुन्हा नव्हता, पण श्राद्धाला भटजी मिळेना, मुलींची लग्नं अडू लागली, ही शिक्षा कुठल्या कोर्टात मागायची? टिळकांनी सांगितलं की आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन आलो आहोत. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना बोल लावले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत ते दिवस लिहून ठेवलेत, घरातल्या बाईच्या बाजूने. ते प्रकरण जरूर वाचा, पुस्तक ग्रंथालयात आहे.

गोपाळरावांनी हे का केलं? खोडी काढायची सवय, असं बरेच जण म्हणतात. आमच्यातल्या काहींना तसं वाटत नाही. ज्याची बायको परदेशगमनाची आणि त्या सगळ्या सिद्धतेची किंमत देऊन गेली, त्याला सभेत टाळ्या घेणारे आणि घरी शास्त्र पाळणारे लोक कसे दिसत असतील? बघू तर खरं, चहाच्या एका पेल्याला तुम्ही किती किंमत देता! असा हिशेब असेल. असेलच असं नाही, आम्ही त्यांच्या मनात शिरलेलो नाही. पण या हिशेबात ज्यांचं नुकसान झालं, त्यांत आनंदीबाईंच्या बाजूने उभं राहू शकणारे लोकही होते. एझेउलूचे सुरण तसे हे पेले.

यानंतर गोपाळरावांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे प्रायश्चित्त घेऊन परत हिंदूही झाले. म्हणजे ज्या एका वाक्यावर बायकोने जीव पणाला लावला, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून येईन, ते वाक्य तिने पाळलं आणि त्यांना स्वतःला पाळता आलं नाही. दोन्हीकडे जाऊन आले आणि दोन्हीकडचा विश्वास घालवून बसले. सुधारकांना ते विदूषक वाटू लागले, सनातन्यांना बाटगे, मिशनऱ्यांना दगाबाज. एके काळी याच माणसाने आपल्या नवऱ्या मुलीला अक्षर गिरवायला बसवलं होतं, हे सांगायला जवळ कुणी उरलं नाही.

प्रायश्चित्तावरून आठवलं. आमच्यातल्या एकींचे पणजोबा विलायतेला जाऊन आले होते. परतल्यावर याच घाटावर क्षौर, पंचगव्य, स्नान सगळं यथासांग झालं. पणजी पुढे म्हातारपणीही म्हणत, “ह्यांच्या मिशा शिप्रेत गेल्या, विलायत काही गेली नाही.” पणजोबा टेबलावरच जेवत राहिले. सोवळं मात्र पणजीचं दुप्पट झालं, कारण घराचा धर्म राखायची जबाबदारी आता तिच्या एकटीवर आली. पणजोबांनी काय घालवलं ते नदीने धुतलं, पणजीने काय वाढवून घेतलं ते कुणी मोजलं नाही. नदीचंच म्हणाल तर २०१६ च्या सिंहस्थात आपण सगळ्यांनी शिप्रेत उतरून पंपाने आणलेल्या नर्मदेच्या पाण्यात डुबकी मारली. परंपरेने हूं की चूं केलं नाही. ती वाकायची तिथे सहज वाकते. लुगड्यापाशी आणि ताटापाशी आली की ताठ होते.

आजही तेच आहे. आपली मुलं-मुली आता पुणं, बंगळूर, टेक्सास, सिडनी अशी पसरलीत. व्हिडिओ कॉलवर मुलाला आपण विचारतो, प्रमोशनचं काय झालं? मुलीलाही विचारतो, पण त्याआधी विचारतो, गौरी मांडल्यास ना, हरितालिकेचा उपास केलास ना, पाया पडताना ओढणी घे. काकू म्हणाल्या ते खरं, आम्ही सगळे थोडे थोडे गोपाळराव आहोत. हे त्या बोलल्या तेव्हा गोपाळरावांच्या बाजूचा तट जास्त अस्वस्थ झाला की विरोधी, हे सांगणं कठीण होतं.

आता अस्थींचं सांगतो.

आनंदीबाईंचं दहन पुण्यात झालं. अस्थी कुठल्या नदीत गेल्या नाहीत. गोपाळरावांनी त्या कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या आणि वर दगड उभा केला. शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. ज्या माणसाने तिला पोशाख बदलू नको, ताट बदलू नको, हिंदूच राहा म्हटलं, त्याने तिची राख मात्र ख्रिस्ती दफनभूमीत जाऊ दिली. आम्ही यावर फार वेळ बोललो. कुणी म्हटलं, ही शेवटची अवहेलना. कुणी म्हटलं, नाही, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडून काही सिद्ध करून घेतलं नाही. जिथे तिला माया मिळाली, तिथे पाठवलं. आमच्यातले एक आजोबा, जे सहसा बोलत नाहीत, ते म्हणाले, “एवढं एकच काम त्या माणसाने हळू हाताने केलं.” ते खरं की आजोबांची भाबडी समजूत, आम्हाला ठरवता आलेलं नाही.

यातून एक गोष्ट निघाली. त्यांचं मूल दहाव्या दिवशी गेलेलं, मागे करणारं कुणी नाही. आज भाद्रपद शुद्ध नवमी. पंधरा दिवसांनी अविधवा नवमी येईल, सवाष्ण गेलेल्या बायकांची. त्या दिवशी इथे घाटावर आनंदीबाईंच्या नावाने पाणी सोडावं, असं आमच्यातल्या बायकांनी ठरवलं. तीन घरांतून साड्याही निघाल्या, सवाष्णीला द्यायला. आम्ही गुरुजींना विचारायला गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नात्यातली नाही, गोत्र नक्की ठाऊक नाही, याला त्यांची हरकत नव्हती, त्याची सोय शास्त्रात आहे म्हणाले. मग विचारलं, “यजमान आहेत?”

आम्ही म्हटलं, “नाही हो, त्यांना जाऊनही शंभराच्या वर वर्षं झाली असतील.”

“मग नवमी नाही,” ते म्हणाले. “अविधवा नवमी यजमान हयात असेपर्यंतच. आता सर्वपित्रीला करा, दोघांचं नाव घेऊन.”

घाट चढून वर येईपर्यंत आमच्यात पुन्हा दोन तट पडले. बायका म्हणतात, नवमीलाच करायचं आणि तिचं एकटीचं. गुरुजींना नको असेल तर आमच्या ओंजळीने आम्ही सोडू. पुरुषांतले काही म्हणतात, शास्त्राने सांगितलंय तर दोघांचं एकदमच होऊ दे, त्या बिचाऱ्यालाही कुणी नाही. ‘बिचारा’ या शब्दावर काकू उठून गेल्या. आजोबा म्हणाले, तिला नवमीला द्या आणि त्याला अमावास्येला द्या, माझ्या हातून.

साड्या मंडळाच्या कपाटात ठेवल्या आहेत. नवमीला सकाळी आठ वाजता आम्ही याच पायऱ्यांवर असू, पाणी उतरलं तर थोडं खाली. कुणाला यायचं असेल त्यांनी यावं. कोणत्या तटाने यायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.